लोकोशेडच्या टेपांवरची शिट्टी

कौतिक तायडे माइकपुढे कधी ‘हॅलो, हॅलो’ म्हणाला नाही. जळगावात तेव्हा लाऊडस्पीकर भाड्याने देणारे पाच-सहा जण होते, आणि बाकीचे सगळे म्हणत. कौतिककडे हे काम त्याचा धाकटा भाऊ सुकदेव करायचा. तो माइकसमोर उभा राहून शिट्टी वाजवायचा. खालून वर चढत जाणारी, टोकाशी किंचित वाकणारी, एकदाच. ती शेवटच्या कर्ण्यातून नीट आली की कौतिक लांबून हात वर करायचा आणि मग कार्यक्रम सुरू व्हायचा.

माझी त्याची ओळख १९६९ साली झाली. मी बी.कॉम. होऊन एका जिनिंग फॅक्टरीच्या ऑफिसात लागलो होतो आणि फॅक्टरीच्या पूजेला त्याचे कर्णे आले होते. कौतिक तेव्हा तिशी ओलांडलेला, विधुर, अंगाने काटकुळा. शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. डाव्या अंगठ्याचं नख सोल्डरिंगच्या चटक्याने काळं पडलेलं. कोणत्या कर्ण्यात गांधीलमाशीने घर केलं आहे हे तो खाली उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगायचा. एकदा मी पैज लावली आणि हरलो.

रेल्वे लाइनीपलीकडे त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. घरात आई झुंबरबाई, ठार बहिरी. सुकदेव आणि त्याची बायको मंदाबाई. १९७० च्या पंधरा ऑगस्टला तापीपलीकडच्या एका गावी शाळेच्या झेंडावंदनाला कर्णा हवा होता. कौतिकला ताप होता म्हणून त्याने सुकदेवला एकट्याला पाठवलं. परतताना होडी कलंडली. नऊ माणसं होती, सात बाहेर आली. आठव्याचं प्रेत तिसऱ्या दिवशी सापडलं. सुकदेव सापडला नाही. चार मैलांवर वाळूत रुतलेला कर्णा तेवढा सापडला. तो कौतिकने घरी आणला, धुतला, आणि पुन्हा कधी भाड्याने दिला नाही.

मंदाबाई तेव्हा एकवीस वर्षांची होती. तिचे वडील चिंधा चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यात केळीच्या मळ्यावर कामाला होते. वर्षभराने ते जळगावला आले. मुलीचा पाट लावायचा, म्हणजे पुन्हा लग्न करून द्यायचं, एक चांगला माणूस बघून ठेवला आहे, असं त्यांनी सांगितलं. त्यांची अट साधी होती. सुकदेव गेला, असं थोरल्या भावाने स्वतःच्या तोंडाने म्हणावं, घरात गेलेल्या माणसासाठीचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करावा, म्हणजे ते मुलीला घेऊन जातील.

कौतिकच्या तोंडून ते निघेना. चिंधाबाबा तीन वेळा आले आणि तीन वेळा चहा पिऊन परत गेले.

या घरातली एक रीत इथे सांगायला हवी. सुनेने जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, समोरासमोर बोलायचं नाही. मंदाबाईला कौतिकला काही सांगायचं असलं की ती चुलीकडे तोंड करून बोलायची, नाहीतर माझ्यासारख्या तिसऱ्या माणसाला सांगायची. तोही ‘चहा झाला का’ हे दाराच्या चौकटीला विचारायचा. सुकदेव होता तोवर निरोप त्याच्यामार्फत जायचे. तो गेल्यावर मध्ये कोणी उरलं नाही, कारण म्हातारीला ऐकूच येत नव्हतं. एका छपराखाली राहून या दोघांनी सुकदेवबद्दल एकमेकांशी एक शब्द काढलेला नव्हता.

आता लोकोशेडबद्दल. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या चार पोरांनी १९७१ मध्ये एक बँड काढला होता. दोन गिटार, एक ड्रम आणि नोएल नावाचा गाणारा. चौघांचेही बाप रेल्वे इंजिनांच्या लोकोशेडमध्ये, म्हणून बँडचं नाव तेच. इंग्रजी रॉक वाजवायचे. खानदेशात हे ऐकणारे किती असणार? पण कॉलेजांच्या गॅदरिंगला त्यांना बोलावणी येत. त्यांचं एक लांबलचक गाणं होतं. त्यात शेवटी ड्रमवर मालगाडी सुटायची, वेग घ्यायची आणि कुठेतरी पुलावर थांबायची. त्या गाण्याला आम्ही ‘मालगाडी’च म्हणत असू. प्रत्येक कार्यक्रमात ते वेगळं व्हायचं, आणि आमचं सगळं वेड त्या वेगळेपणात होतं.

आम्ही म्हणजे तिघं. मी, कौतिक आणि धुळ्याचा सुरेशचंद. हा कापडाच्या पेढीवरचा मुलगा, माझा कॉलेजातला मित्र. त्याच्याकडे स्वतःचा टेपरेकॉर्डर होता. कौतिककडे भुसावळच्या एका निवृत्त गार्डाकडून घेतलेला जुना जर्मन होता. कार्यक्रम कुठेही असला तरी दोघांपैकी एक जण स्पूल, म्हणजे टेपचं रीळ, लावून बसायचा. मग रविवारी दुपारी कौतिकच्या बाहेरच्या खोलीत टेपा लावून आम्ही ताडून पाहायचो. मी वहीत तारीख, गाव, गाण्याची लांबी, कोण कुठे चुकला हे लिहायचो. सुरेशचंद धुळ्याहून एस.टी.ने यायचा आणि कौतिककडे चहा प्यायचा. ते त्याच्या घरी कोणाला माहीत नव्हतं.

“धुळ्याची मालगाडी अकरा मिनिटं चाळीस सेकंद,” तो म्हणायचा. “तुमची जळगावची सात मिनिटांत यार्डात.”

“नोएलचा घसा बसला होता,” मी म्हणायचो.

“घसा नाही, पब्लिक बसलं होतं. टाळ्यासुद्धा मोजून वाजवता तुम्ही लोक.”

“शेठ,” कौतिक मान वर न करता म्हणायचा, “धुळ्यातल्या टाळ्या खुर्ची मोडून एक जण पडला त्याच्या होत्या. पुन्हा लावू का?”

आणि खरोखरच पुन्हा लावली की खुर्ची मोडल्याचा आवाज सापडायचा.

शिट्टी पहिल्यांदा सुरेशचंदने ऐकली. १९७२ चा मे महिना होता. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. झळा येऊ नयेत म्हणून आम्ही दार-खिडकी लावून घेतली होती. जळगावच्या कार्यक्रमाची टेप चालू होती. मालगाडीच्या मधोमध, गिटार खाली उतरते तिथे, सुरेशचंदने बोट वर केलं.

“हा कोण?”

कौतिकने टेप मागे घेतली. पुन्हा ऐकलं. फार पुसट होती, कांबळ्याखालून आल्यासारखी. खालून वर चढत जाणारी, टोकाशी किंचित वाकणारी. एकदाच.

सुरेशचंद सुकदेवला कधी भेटलेला नव्हता. तो म्हणाला, “काय मस्त शिट्टी मारतो रे कोणी! तुमच्या जळगावात एक तरी जिवंत माणूस होता म्हणायचा.”

मी कौतिककडे पाहिलं. तो चाकांकडे पाहत होता. मधल्या दारात मंदाबाई उभी होती. डोक्यावरचा पदर खाली आलेला तिच्या लक्षात नव्हता. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “भाऊ, त्यासले इचारा, ते गाणं कवयनं शे?”

गाणं कधीचं आहे, असं ती विचारत होती. मी वहीत पाहिलं. जानेवारी १९७२. सुकदेव नदीत गेला त्याला तेव्हा सतरा महिने झालेले होते. मी तारीख सांगितली. ती आत गेली. कौतिकने टेप गुंडाळायला घेतली.

पुढच्या रविवारी आम्ही चोपड्याची टेप लावली. शिट्टी होती. भुसावळची लावली. तिच्यातही होती. धुळ्याची सुरेशचंदच्या मशीनवर केलेली होती, तिच्यात मात्र नव्हती. तीन गावं, तीन कार्यक्रम, आणि गर्दीत तोच माणूस. सुरेशचंदला आता सगळं कळलं होतं आणि त्याने थट्टा बंद केली होती. कौतिकची आई भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसलेली असायची. तिला काहीच ऐकू येत नसे. पण टेप त्या जागी आली की तिचे हात थांबायचे, असं मला दोनदा वाटलं. आम्हा सगळ्यांचे श्वास थांबलेले बघून ती थांबत असेल.

त्या महिन्यात चिंधाबाबा चौथ्यांदा आले. या वेळी मंदाबाईनेच त्यांना परत पाठवलं. “त्या गाणं आयकाले येतस,” ती नवऱ्याबद्दल बापाला म्हणाली. “घर बी येतीन.”

नोव्हेंबरात लोकोशेडचा कार्यक्रम पुन्हा धुळ्याला झाला. मंदाबाईने हट्ट धरला, म्हणजे चुलीपाशी धरला, आणि आम्ही तिला घेऊन गेलो. संध्याकाळी सहाचा कार्यक्रम, पत्र्याच्या छपराचा हॉल, चारेकशे माणसं. कौतिक मशीनपाशी बसला. सुरेशचंद मागच्या दारात, मी पुढच्या, आणि मंदाबाई बायकांच्या बाकावरून सारखी मागे वळून एकेक चेहरा पाहत होती. दोन तास आम्ही कान देऊन उभे होतो. पोरांनी आरोळ्या मारल्या, शिट्ट्याही मारल्या. ती शिट्टी कोणी मारली नाही. माझी खात्री आहे. आमचं गाण्याकडे लक्षच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेशचंदच्या गोदामात आम्ही ती टेप लावली. तिसऱ्या गाण्यानंतर, टाळ्यांच्या मधोमध, ती होती.

मंदाबाई कापडाच्या गठ्ठ्यावर बसली होती. ती रडली नाही. फक्त माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाली की ती शिट्टी टाळ्यांच्या मागून येत नाही, टाळ्यांच्या आतून येते.  मलाही तसंच ऐकू आलं होतं आणि ते कसं सांगावं हे सुचलेलं नव्हतं.

मी नोंदी ठेवणारा माणूस. भीती वाटली की मी रकाने आखतो. जळगावला परतल्यावर कौतिक कामावर असताना मी चारही टेपा त्याच्या मशीनवर एकामागून एक लावल्या आणि टेप किती फिरली ते दाखवणाऱ्या मशीनच्या आकड्यांवर लक्ष ठेवलं. भुसावळ, दोनशे चौदा. जळगाव, दोनशे तेरा. चोपडा, दोनशे चौदा. धुळे, दोनशे पंधरा. गाणं कोणतंही असो, टाळ्या असोत की नसोत, शिट्टी तिथेच. आणखी एक. धुळ्याच्या पत्र्याच्या हॉलात प्रत्येक आवाज घुमत होता. शिट्टी घुमत नव्हती. कान मशीनला लावला तेव्हा शिट्टीच्या पाठोपाठ एक शेळी ओरडलेली ऐकू आली. चारही टेपांत नाही, दोनच. पण हॉलात शेळी कुठली?

कौतिक संध्याकाळी आला. मी वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती वाचली, मग स्क्रूड्रायव्हर घेऊन मशीनचं वरचं झाकण काढलं. टेपवरचं जुनं पुसणारा भाग नवा आवाज भरणाऱ्या भागाच्या आधी असतो. त्याची तार सुटी होती आणि तिच्या टोकाला नीट पट्टी गुंडाळलेली होती.

“मीच काढली,” तो म्हणाला. “सुकदेव गेल्यावर महिन्याने.”

मग त्याने सांगितलं. नवी स्पूल आली की ते दोघं अंगणात तपासत. टेपचं सुरुवातीचं टोक हाताळून चुरगळतं, म्हणून आकडा दोनशेच्या पुढे जाऊ द्यायचा आणि मग सुकदेवने शिट्टी मारायची. टेप आवाज धरते की नाही ते कळायचं. अशा चार स्पूल तपासून ठेवलेल्या होत्या. भावाचा घरात उरलेला आवाज तेवढाच. लोकोशेड सुरू झालं तेव्हा दुसऱ्या टेपा मिळत नव्हत्या आणि ते गाणंही सोडवत नव्हतं. तार काढली की जुनं पूर्ण पुसलं जात नाही, एवढं त्याला माहीत होतं. “गाणं वर बसेल, तो खाली राहील, असं मला वाटलं. कोणाला ऐकू येईल असं नव्हतं वाटलं.”

“मग मे महिन्यातच का नाही सांगितलंस?”

“कोणाला? तिला? कसं?”

 त्याने झाकण पुन्हा लावलं.

“आणि भाऊ, खरं सांगतो,” तो म्हणाला, “तार मी काढली हे मला माहीत होतं. तरी धुळ्याला मी मशीन सोडून दोनदा उठलो आणि बाहेर जाऊन पाहून आलो.”

मी त्याला सांगितलं की तिला बोलायलाच हवं. चिंधाबाबांनी बघितलेला माणूस जन्मभर थांबणार नाही. नाहीतर मीच सांगतो. तो म्हणाला, रविवारी. पण दोन रविवार गेले, तीन गेले. जानेवारी उजाडला.

आणि मग सुरेशचंद शिरपूरची टेप घेऊन आला. १९७३ चा जानेवारी, दुष्काळाचं वर्ष. मंदाबाई टँकरच्या रांगेत हंडे घेऊन गेली होती. शिरपूरला जिनिंगच्या एका शेडमध्ये कार्यक्रम झाला होता आणि आम्ही दोघं गेलो नव्हतो. सुरेशचंद एकटाच स्वतःचं मशीन घेऊन गेला होता. स्पूल मुंबईहून आणलेली, त्याच्या हाताने पाकीट फोडलेली.

“ऐका,” तो म्हणाला. बसलासुद्धा नाही.

दोनशे चौदापाशी गिटार होती. फक्त गिटार. मी सुस्कारा टाकला. सुरेशचंदने हात दाखवून थांबायला सांगितलं. मालगाडी सुटली, वेगात आली, पुलावर थांबली. तिथे नेहमी टाळ्यांच्या आधी एक क्षण शांतता असते. आकडा तीनशे अठ्ठ्याऐंशी होता. त्या शांततेत ती शिट्टी आली. पुसट नव्हती. शेडच्या पत्र्यांवर आपटून दोनदा घुमली. खालून वर चढत जाणारी, टोकाशी वाकणारी. एकदाच. टाळ्या नेहमीपेक्षा उशिराने सुरू झाल्या, आणि नोएलने पुढच्या गाण्याची सुरुवात करून मध्येच थांबवलेली स्पष्ट ऐकू येते.

“मी मशीनवर वाकलो होतो,” सुरेशचंद म्हणाला. “वर पाहिलं तर दारात ही गर्दी. मी धावलो. कौतिकभाऊ, आईशप्पथ धावलो. बाहेर बैलगाड्या होत्या आणि अंधार पडत होता.” मग त्याने आवाज खाली आणला. “वहिनींना बोलवा.”

 टेप संपली आणि तिचं मोकळं टोक फटफट आपटायला लागलं तरी कौतिकने मशीन बंद केलं नाही. शेवटी मीच केलं.

“नाही बोलवायचं,” तो म्हणाला.

“अहो, पण तो जिवंत असेल तर?”

“जिवंत असेल तर शेठ, त्याला घरचा रस्ता माहीत आहे. अडीच वर्षं झाली. शिरपुरात गाणं ऐकायला येतो आणि घरी येत नाही, तर त्याने तिला सोडली. मेला असेल, तर गेला. दोन्हीकडून ती मोकळी आहे. फक्त हे तिला ऐकवलं तर नाही.”

त्याने स्पूल काढून सुरेशचंदच्या पिशवीत ठेवली. मग विचार बदलला, परत काढली आणि तापीतून आणलेल्या त्या जुन्या कर्ण्यामागे फळीवर सरकवली. आम्हा दोघांकडून त्याने शब्द घेतला. तो शब्द सुरेशचंदने मरेपर्यंत पाळला. मी आज इतक्या वर्षांनी लिहितो आहे, कारण आता त्यातलं कोणी दुखावण्यासारखं उरलेलं नाही. मंदाबाईसुद्धा मागच्या पावसाळ्यात गेली.

ती आली तेव्हा डोक्यावर दोन हंडे होते. ते उतरवून तिने सुरेशचंदला पाहिलं, त्याची पिशवी पाहिली, मांडलेलं मशीन पाहिलं. आम्ही तिघंही इकडेतिकडे पाहत होतो. मला वाटलं, आता ती माझ्याकडे वळेल. ती वळली नाही. पदर सारखा केला आणि कौतिकच्या समोर येऊन उभी राहिली.

“दादा,” ती म्हणाली. “त्या शेतस का नही?” नवरा आहे की नाही, एवढंच.

त्या घरात सहा वर्षं राहून ती जेठाशी बोललेली ही पहिली गोष्ट. कौतिक उठून उभा राहिला. मला वाटलं तो बाहेर जाईल. पण त्याने झाकण काढलं, तिला जवळ बोलावलं आणि सुटी तार दाखवली. चार स्पूल, अंगणातली तपासणी, दोनशेचा आकडा, शेळी, सगळं तिला तिच्या बोलीत सांगितलं. मध्ये एकदाही चौकटीकडे पाहिलं नाही. ती तारेच्या पट्टीला बोट लावून उभी होती.

“आणि शिरपूरनी?” तिने विचारलं. कार्यक्रम झाल्याचं तिला माहीत होतं.

सुरेशचंद खाली बघायला लागला. बाहेर टँकरचा हॉर्न वाजला आणि बायकांचा गलका झाला.

“शिरपूरना टेपमा नही,” कौतिक म्हणाला. “तो नही शे, माय.”

तिने मान हलवली. मग आत जाऊन म्हातारीच्या कानाशी वाकून तिने ते मोठ्याने सांगितलं. म्हातारीला ऐकू आलं नाही, पण कळलं. दोघींचं रडणं बराच वेळ चाललं. आम्ही बाहेर ओट्यावर उन्हात बसून राहिलो.

फेब्रुवारीत पुण्यानुमोदन झालं. कौतिकने स्वतःचाच लाऊडस्पीकर लावला, आणि माइकपुढे जाऊन पहिल्यांदा ‘हॅलो’ म्हणाला. त्याला ते नीट जमलं नाही. आठ दिवसांनी चिंधाबाबा मुलीला न्यायला आले. मी रजा टाकून स्टँडवर गेलो होतो. मंदाबाईने कौतिकला वाकून नमस्कार केला आणि “दादा, भाकर टाइमले खा,” एवढंच म्हणाली. चोपड्याची बस साडेअकराला सुटली. ती पुलाकडे वळून दिसेनाशी होईपर्यंत कौतिक हात वर करून उभा होता.

मी म्हणालो, “चल, घरी जाऊ. आई एकटी आहे.”

“तुम्ही आईकडे जा, भाऊ. तिला भाकरी द्या,” तो म्हणाला.

त्याच्या खांद्याला पिशवी होती, ती मी तेव्हा पाहिली. शिरपूरची बस चोपड्यावरूनच जाते. तो तासभर फलाटावर थांबला. आपण चोपड्याला पोचेपर्यंत ती उतरून गेली असेल असा हिशेब करून शिरपूरच्या बसमध्ये चढला आणि दाराच्या बाजूची सीट धरून बसला.